आपा, पन्नास की पंचाहत्तर?

आपा,

परवा देवणीकडचा एक माणूस पोत्यात गुंडाळून सिलिंडर घेऊन आला. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा. मी आतून बोट फिरवलं, गेज लावून माप घेतलं आणि मान वर न करताच भिंतीकडं तोंड करून म्हणालो, "आपा, पन्नासचा पिस्टन हाय का बघा."

भिंतीतली खिडकी बंद होती. तो माणूस खिडकीकडं बघून हळूच म्हणाला, "पलीकडं कुणी हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "सवय हाय."

त्याला चौकातल्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला. तो गेल्यावर बराच वेळ मशीन सुरू करावंसं वाटलं नाही. तुम्हाला जाऊन दीड महिना होत आला. चाळिसाव्याला तुमच्या लेकीनं, समिनानं घरी बोलावलं, तेव्हा तुमच्या नात्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही शहनाजचे कोण? शेजारी, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुढं सरकल्या. घरी येईपर्यंत मी त्याच शब्दाशी झटत होतो. दुसरा काही सापडला नाही.

आपली दुकानं एका भिंतीची. पलीकडं तुमचं स्पेअर पार्टचं, अलीकडं माझं बोअरिंगचं. तुम्ही पिस्टन विकायचा आणि मी त्या पिस्टनच्या मापानं सिलिंडर कापून द्यायचा. गिऱ्हाइकाला उन्हातून वळसा नको म्हणून भिंतीत हातभर खिडकी पाडली, ती तुमचीच कल्पना. त्या खिडकीतून पिस्टन इकडं यायचे, चहा इकडं यायचा, समिनाच्या गणिताच्या वह्या इकडं यायच्या, आणि तुमचं बोलणं तर दिवसभर यायचं.

भूकंपानंतर चार महिन्यांनी मी लातूरच्या या गल्लीत आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गावात घर उरलं नव्हतं. आई-बापू दोघंही गेले होते. नांदेडला आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स करत होतो म्हणून मी तेवढा वाचलो, आणि उदगीरला दिलेली ताई वाचली. लेथवाल्या मालकांनी मला कामाला ठेवून घेतलं, पुढं तेच दुकान माझ्याकडं आलं. तुमचाही, नवरा गेल्यावर घरात बसून पाळायचा, इद्दतीचा काळ नुकताच संपला होता. युसूफभाई काविळीनं गेले होते, समिना चार वर्षांची होती, आणि दुकान दिराला द्यावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तुम्ही एका सकाळी आलात, शटर स्वतः उचललंत आणि गल्ल्यावर बसलात. पिस्टन कशाला म्हणतात तेवढं तुम्हाला माहीत होतं, त्यापलीकडं काही नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तुम्ही पायरीवर येऊन विचारलंत, "भाऊ, हे डब्यावर पंचवीस, पन्नास लिव्हलंय ते काय असतंय? किंमत हाय का?"

मी सांगितलं होतं. गाडी चालून चालून सिलिंडर आतून झिजतो, गोल राहत नाही. मग तो थोडा कापून पुन्हा गोल करायचा आणि तेवढाच जाड पिस्टन घालायचा. नवा असतो तो स्टँडर्ड; पहिल्या वेळी कापला की पंचवीस, मग पन्नास, मग पंचाहत्तर. दर टप्प्याला मिलिमीटरचा पाव हिस्सा. शंभरच्या पुढं लोखंडच उरत नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे कापलेलं परत येत न्हाई."

"न्हाई."

"मग लई कापू नये."

त्या दिवसापासून तुम्ही याच मताच्या, आणि मी वेगळ्या. मी म्हणायचो डाग पूर्ण जाईपर्यंत कापलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात पुढच्या खेपेला जागा ठेव. गिऱ्हाईक मधे उभं राहून आपलं ऐकत बसायचं.

वर्षभरात तुम्ही मायक्रोमीटर धरायला शिकलात. पाच वर्षांत माझ्यापेक्षा चांगला धरायला लागलात. पिस्टन हातात घेतला की आधी त्याचं वजन जोखायचं, मग उलटा धरून टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठंतरी तडा आहे. मग रिंगच्या खाचा नखानं तपासायच्या. खाचेत एक बारीकशी खुंटी असते. ती जागेवर नसली तर रिंगचं टोक सिलिंडरच्या अंगाला हवा-धुरासाठी ठेवलेल्या खिडकीत अडकतं आणि मोडतं. हे सगळं तुम्ही बोलता बोलता करायचात, मेथी निवडावी तसं. निलंग्याचे, औशाचे मिस्त्री फोनवर सांगायचे, आपांनी हातात घेऊन बघितलेला द्या.

आणि माझी गाडी मागं ताडपत्रीखाली उभी होती.

ती बापूंची. अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, किकचाच दांडा खाली पाडून गिअर करायची ती. बापू जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. चार-चार गावं त्याच गाडीवर फिरायचे, मागं औषधाची पेटी बांधून. गाव उपसताना आठव्या दिवशी ती मातीतून निघाली. टाकी चेपलेली, दिवा फुटलेला, पण इंजिन शाबूत. टेम्पोत घालून मी ती नांदेडला नेली, तिथून इथं आणली. किक हलत नव्हती. तुम्ही विचारलं तेव्हा मी सांगितलं, पावसाचं पाणी आत जाऊन जाम झालीय. पिस्टन मिळाला की उघडतो.

मग तुम्ही पिस्टन शोधायला लागलात.

पहिला तुम्ही हैदराबादहून मागवलात. ती गाडी बनायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तुम्ही कुठल्याशा गल्लीतल्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून तो काढलात. मी दोन मिनिटं बघितला आणि खुंटी जागेवर नाही म्हणून परत दिला. दुसरा नांदेडचा. तिथलं एक जुनं दुकान बंद होत होतं, तुम्ही समिनाला घेऊन एसटीनं गेलात आणि रुमालात बांधून आणलात. मी म्हणालो, हा जड आहे, इंजिन थरथरेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकीतून म्हणालात, "सराफाच्या तराजूवर तोलून आणलाय. जड न्हाई." तरी मी घेतला नाही. तिसरा राजकोटकडचा होता. मी टिचकी मारली आणि आवाज बद्द आहे म्हणालो.

तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, स्वतः टिचकी मारलीत. खणखणीत आवाज आला. "ह्याला तडा न्हाई, बालाजी," तुम्ही म्हणालात. "आन मला एक सांग. इंजिन उघडल्याबिगर तुला माप कसं कळालं? तू दर खेपेला इष्टँडर्डच मागतोस. आत काय हाय ते बघितलंस का?"

मी मशीन सुरू केलं. मशीन सुरू असलं की ऐकू येत नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

आपा, ती गाडी पाण्यानं जाम झालेली नव्हती. निदान मला तरी तसं वाटत नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो.

भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात मी ती गाडी घेऊन निलंग्याला गेलो होतो. दोस्त बरोबर होते, पिक्चरची घाई होती. पेट्रोल भरलं आणि ऑइल टाकायचं विसरलो. टू-स्ट्रोकला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा चालतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, मापाचा डबासुद्धा बापूंनी टाकीखाली बांधून ठेवलेला होता. परत येताना चढावर गाडीनं एकदम आवाज केला आणि मागचं चाक फरफटलं. पिस्टन तापून सिलिंडरला धरला होता. उन्हात ती चार कोस ढकलत आणली.

बापू ओरडले नाहीत. किक दाबून बघितली, ती हलली नाही. मग म्हणाले, "जनावर असतं तर मेलं असतं."

मी म्हणालो, "मग जनावरंच पाळा."

एवढंच. कोर्सचं दुसरं वर्ष सुरू व्हायला अवकाश होता, तरी दुसऱ्या दिवशी मी नांदेडला निघून गेलो. त्यानंतर बापूंशी बोललो नाही. त्यांचं एक कार्ड आलं होतं, चतुर्थीला जमलं नाही तर चतुर्दशीला तरी ये. मी गेलो नाही. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलच्या मेसमध्ये रेडिओ लावलेला होता, आणि त्यावर आमच्या पट्ट्यातल्या गावांची नावं सांगत होते.

म्हणून मी इंजिन उघडत नव्हतो. बोअरिंगचं काम करणाऱ्याला आत काय दिसणार ते आधीच दिसत असतं. कोरड्या पिस्टनला एका अंगानं उभे ओरखडे पडतात, ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटतं. दुसऱ्यांचे असे शेकडो पिस्टन मी हाताळले. मिस्त्री विचारायचे, हे कशानं झालं? मी सांगायचो, ऑइल न टाकता चालवलीय. तेवढं वाक्य बोलून मी दर वेळी लगेच मशीन सुरू करायचो. तुम्हाला खिडकीतून ते ऐकू जात असेल का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारलंय.

दरम्यान आपली गल्ली बदलत गेली. आधी एक क्लास आला, मग दुसरा. नांदेड, परभणी, बीडकडची मुलंमुली बॅगा घेऊन उतरायला लागली. टायरवाल्याच्या जागी मेस झाली, वेल्डिंगवाल्याच्या जागी मुलींचं होस्टेल. समोरच्या गॅरेजवर चार मजले चढले आणि निकालाच्या वेळी त्यावर मुलांचे फोटो झळकायला लागले. टू-स्ट्रोक गाड्या कमी होत गेल्या. तुमची समिनाही याच गल्लीतल्या क्लासमध्ये शिकली आणि आता नांदेडला दुसऱ्यांच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. ती तुम्हाला म्हणायची, अम्मी, दुकान बंद करा, माझ्याकडं चला. तुम्ही म्हणायचात, "जाते की. बालाजीची गाडी चालू झाली की जाते." मला वाटायचं तुम्ही मला पुढं करून वेळ काढायलात. आपण दोघंही एकमेकांना पुढं करत होतो बहुतेक.

तुमच्या किडन्या खराब झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही ते मला खिडकीतूनच सांगितलंत, रिंगचा सेट देता देता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्याच्या मधल्या दिवशी तुम्ही दुकानात यायचात, खुर्चीत उशी ठेवून बसायचात.

मग तो रविवार आला. लाईट गेलेली होती. तुम्ही माझ्या पायरीवर येऊन उभ्या राहिलात, कठड्याला धरून. "लाईट न्हाई, मशिनीला काम न्हाई," तुम्ही म्हणालात. "आण ती गाडी."

"आपा, ऊन लई हाय. पुन्हा बघू."

"पुन्हा मी असंन का न्हाई, कुणाला ठाव."

तुम्ही हे रागानं म्हणाला नाहीत. दुकानात माल संपलाय असं सांगावं तसं म्हणालात. मी ताडपत्री काढली.

तुम्ही स्टुलावर बसलात आणि मी हेडचे नट खोलले. गंजले होते, डिझेल सोडून सोडून खोलले. हेड उचलून बाजूला ठेवलं आणि मी थांबलो. पिस्टनचा माथा वरच दिसत होता, लाल गंजानं माखलेला. तुम्ही ओढणीच्या टोकानं नाही, माझ्याच फडक्यानं तो पुसलात. तुमची बोटं सुजलेली होती, दोनदा फडकं हातातून निसटलं. मग तुम्ही वाकून बघितलंत.

"बालाजी, ह्याच्यावर पंचवीस लिव्हलंय."

मी म्हणालो, असं कसं. ही गाडी कधी उघडली नव्हती. आत स्टँडर्डच असणार. पण माथ्यावर ठसा स्पष्ट होता. आठ दिवस डिझेल भरून ठेवल्यावर लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून सिलिंडर निघाला, तेव्हाही तुम्ही हजर होतात, डायलिसिसचा दिवस बदलून आला होतात. पिस्टनवर एक ओरखडा नव्हता. रिंगांची धारसुद्धा मोडलेली नव्हती. सिलिंडरमध्ये जिथं गंज नव्हता तिथं कापल्यानंतरच्या नव्या घासणीच्या तिरप्या रेघा तशाच होत्या. तो कुणीतरी नीट कापलेला, नवा पिस्टन घातलेला, आणि फार तर शे-दोनशे कोस चालवलेला होता. जाम झाला होता तो खरोखरच पाण्यानं.

तुम्ही पिस्टन उलटा करून आत बघितलंत. युसूफभाई विकलेल्या प्रत्येक पिस्टनला आतून एक बारीक खूण करायचे. "आमच्याकडचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "पण काम चांगलं केलंय. कुणीतरी आधीच उघडलंय हे."

"हाव."

तुम्ही वाट बघितलीत. मला कळत होतं तुम्ही वाट बघताय. मी हात धुवायला मागं गेलो आणि नळ नुसता सोडून उभा राहिलो. परत आलो तेव्हा तुम्ही चहा सांगितला होता आणि माझ्याकडं न बघता रिंगा मोजत होतात. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. म्हणालो, बापूंनी गाडी दुरुस्त केली होती का?

"हाव की," ती म्हणाली. "गौरीला मला आणायला त्याच गाडीवर आले होते. तुला ठाव न्हाई? दिवाळीला पोरगं आलं की चालवंल, म्हणाले."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू कधी इचारलंस?" ती म्हणाली.

आपा, ताई आणि मी दर राखीला भेटतो. एवढ्या वर्षांत त्या घराबद्दल, त्या महिन्याबद्दल मी तिला एक शब्द विचारला नव्हता. तिला वाटायचं मला सोसत नाही, म्हणून तीही काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं तुम्हाला सांगायचं ठरवून मी आलो. दुकान उघडलं, खिडकीशी उभा राहिलो. पण तुम्ही सिलिंडर समोर घेऊनच बसला होतात, आणि आपण माणसांबद्दल बोलायच्या ऐवजी लोखंडाबद्दल बोलायला लागलो. नेहमीसारखं.

गंजानं आत तीन खड्डे पाडले होते. दोन पन्नासच्या मापात निघून गेले असते. तिसरा खाली, कडेजवळ, खोल होता. तो घालवायचा तर पंचाहत्तरपर्यंत कापायला हवं होतं.

"पन्नास काप," तुम्ही म्हणालात. "तिसरा खाली हाय. रिंग तिथवर जातच न्हाई."

"पिस्टनची कड जाती की."

"जाऊ दे. घासंल थोडी. पुढच्याला जागा राहील."

"मी डाग ठेवून सिलिंडर देत न्हाई, आपा. कुणालाच दिला न्हाई." आणि मग, स्वतःलाही ठाऊक नसलेलं बोललो. "न्हाईतर कापतच न्हाई. बापूंचाच पिस्टन साफ करून परत घालतो."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तो ढिला बसंल. खडखड वाजंल, इंजिन खाईल."

"खाऊ दे."

"वस्तू जपायची तर कपाटात जप. इंजिनात घालायची ती चालायसाठी असती." तुमचा आवाज चढला होता, आणि तो चढला की तुम्हाला धाप लागायची. "इतकी वर्षं बंद ठेवलीस. आता उघडली तर पुन्हा बंदच पाडायची हाय का तुला?"

तुमचं बरोबर होतं, आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "तुमच्याकडं पन्नासचाच असंल, म्हणून तुम्ही पन्नास म्हणायलात."

तुम्ही सुजलेल्या हातानं सिलिंडर उचलून माझ्या बाजूच्या फळीवर ठेवलात आणि खिडकी लावून घेतलीत. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या ती खिडकी कधी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमचं डायलिसिस होतं. तिसऱ्या दिवशी समिना येऊन तुम्हाला नांदेडला घेऊन गेली. मला वाटलं चार दिवसांत याल, तेव्हा माफी मागू. फोनवर काय मागायची माफी. आठ दिवसांनी तुमचाच फोन आला.

"पन्नास कापलास का?"

"न्हाई आपा. अजून न्हाई."

"कामून?"

"विचार करायलोय."

"लई विचार करतोस तू," तुम्ही म्हणालात. आवाज बारीक झाला होता, पण त्यात राग नव्हता. मी म्हणणार होतो, आपा, त्या दिवशी मी वाईट बोललो. तेवढ्यात तिकडं नर्स काहीतरी बोलली, तुम्ही "ठेवते" म्हणालात आणि ठेवलात. मी फोन हातात धरून उभा राहिलो. पुन्हा लावला असता तर लागला असता.

दोन दिवसांनी समिनाचा फोन आला.

तुम्हाला लातूरलाच आणलं. तुमच्या बाजूच्या लोकांत मी उभा होतो, माझ्याही हातात माती आली, मीही टाकली. पोक्त मिस्त्री आले होते, औशाचे, निलंग्याचे, एक तर शिरूर अनंतपाळहून मोपेडवर आला होता. एकानं विचारलं, आता हातात घेऊन बघितलेला पिस्टन कुठं मिळायचा?

चाळिसाव्यानंतर समिनानं दुकान उघडलं. जागा एका क्लासवाल्यानं अभ्यासिकेसाठी मागितलीय. त्यात टेबलांच्या रांगा येतील, मुलं शांत बसून वाचतील. तो क्लासवाला मला भेटून गेला, सभ्य माणूस आहे. म्हणाला, काका, परीक्षेच्या दिवसांत तेवढं मशीन दुपारी बंद ठेवता आलं तर बघा. बघतो म्हणालो. तो भिंतीतली खिडकीही विटांनी बुजवणार आहे.

समिना म्हणाली, "मामा, माल तुम्हीच लावून द्या, मला यातलं काही कळत नाही." म्हणून दोन दिवस मी तुमच्या बाजूला बसून काढले. पहिल्यांदाच त्या बाजूनं माझं दुकान बघितलं. माझ्या खुर्चीची पाठ दिसते तिथून, आणि मागच्या दारातून ताडपत्री. तुम्ही रोज ती बघत होतात.

सगळ्यात वरच्या फळीवर, आता न बनणाऱ्या गाड्यांच्या मालात, माझ्या गाडीचे डबे होते. मापाच्या क्रमानं लावलेले. तेच तीन स्टँडर्ड, जे मी परत केले होते. एक पन्नासचा. आणि त्याच्या शेजारी एक पंचाहत्तरचा.

आपा, दोन्ही होते तुमच्याकडं. मी तोंडावर आरोप केला तेव्हा तुम्हाला हात वर करून डबा काढून माझ्यापुढं आपटता आला असता. तुम्ही खिडकी लावलीत. मी स्टुलावर बसूनच राहिलो. समिनानं विचारलं, काय झालं? आणि मग तिला सगळं सांगितलं. निलंग्याचं पेट्रोल, बापूंचं कार्ड, ताईचा फोन, आणि त्या दिवशी तुम्हाला बोललो ते. तुम्हाला सांगायचं होतं तेच, त्याच क्रमानं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अम्मी त्या संध्याकाळी फोनवर म्हणाल्या होत्या, बालाजी आज माझ्याशी खरं भांडला."

तुम्ही ते चांगल्या अर्थानं म्हणालात की वाईट, हे मी विचारलं नाही.

मी दोन्ही पिस्टन खाली काढले. वजन जोखलं, टिचकी मारली, खाचांमधून नख फिरवलं. दोन्ही निर्दोष होते. एरवी मी पंचाहत्तरचा उचलला असता, डोळे मिटून. तेच बरोबर काम. मी पन्नासचा घेतला आणि पंचाहत्तरचा समिनाच्या पिशवीत परत ठेवला. ती म्हणाली मी काय करू याचं? मी म्हणालो, ठेव. पुढं लागला तर तुझ्याकडून घेऊन जाईन.

काल सिलिंडर कापला. दोन खड्डे गेले. तिसरा राहिला, खाली, तांदळाच्या दाण्याएवढा. आयुष्यात पहिल्यांदा डाग दिसत असताना मी मशीन थांबवलं. बापूंचा पिस्टन घासून पुसून कपाटात ठेवलाय, तुम्ही म्हणाला तसा.

आज सकाळी गाडी बांधली. समिना नांदेडला निघायची होती, थांबली. सातव्या किकेला इंजिन सुरू झालं आणि एवढा धूर झाला की समोरच्या होस्टेलच्या मुली खिडक्यांत आल्या. नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी हळू चालवावी लागते, म्हणून समिनाला बसस्टँडवर सोडून मी तसाच औशाच्या रस्त्यानं निघालो. चाळीसच्या पुढं गेलो नाही. मला ट्रॅक्टरसुद्धा मागं टाकत होते. गाडी ओढते चांगली. उतारावर हात सैल सोडला की खालून एक बारीक आवाज येतो. तो त्या तिसऱ्या खड्ड्याचा आहे की माझ्या मनाचा, मला सांगता येत नाही. दोनदा उतरून ऐकलं. असल्या वेळी मी गाडी तुमच्या दारात उभी करायचो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात.

तो खड्डा वाढला तर मी बरोबर होतो. नाही वाढला तर तुम्ही. सिलिंडर पुन्हा उघडून बघेपर्यंत दोन वर्षं तरी जातील, आणि तोवर मी रोज ही गाडी चालवणार आहे. तुम्ही बरोबर निघावं असं मला मनापासून वाटतं, आपा. तसं झालं तर मी कबूल करीन. फक्त ते कुणापुढं करायचं, एवढं मला कळत नाही.

तुमचा,
बालाजी